वाण म्हणून वाटलेलं पुस्तक

माझं पहिलं पुस्तक मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटलं. हसा खुशाल, मीही आता हसते. तेव्हा मात्र मला वाटलं होतं की अशी युक्ती अख्ख्या बुलढाण्यात कोणाला सुचली नाही. सुचली नव्हतीच. बाकीच्या बायांना अक्कल होती.

आता आमच्या वाचनालयात दर महिन्याला लिहिणाऱ्या बाया जमतात. कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी नर्स, एक तर अजून पोस्टात नोकरी करते. माझी तीन पुस्तकं निघाली म्हणून त्या मला जाणकार समजतात आणि विचारतात, आजी, पुस्तक कसं लिहावं, कुठे छापावं, लोकांपर्यंत कसं न्यावं. मी काय सांगणार? माझ्याकडे शहाणपणापेक्षा फजितीचा साठा मोठा. म्हणून मी त्यांना त्या पहिल्या पुस्तकाचीच हकिकत सांगते.

ते लिहिणारी बाई नुकतीच निवृत्त झालेली होती. मी तिला 'ती बाई' म्हणते, कारण ती मीच होते हे कबूल करायला अजून जरा जड जातं. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बरीच वर्षं देऊळघाटला. सकाळी बुलढाण्याहून निघायचं, संध्याकाळी परत यायचं. त्या शाळेच्या, त्या रस्त्याच्या आणि बसमध्ये रोज शेजारच्या सीटवर बसणाऱ्या मैत्रिणीच्या आठवणी लिहायच्या असं त्या बाईने ठरवलं. ठरवलं ते चांगलंच. पण लिहायला बसली की तिच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. एरवी भाकर खाणारी बाई कागदावर 'भोजन' करायची. ऊन तिच्या वाक्यात नुसतं पडायचं नाही, 'अवनीवर सुवर्णसिंचन' करायचं. सूर्य तर तिने पहिल्या प्रकरणातच तीनदा मावळवला, आणि मध्ये एकदाही उगवू दिला नाही.

दुपारची जेवणं झाली की ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. खिडकीबाहेर शेवगा, ओट्यावर झाकून ठेवलेलं दूध, आतल्या खोलीत यजमानांचं घोरणं. एखादं वाक्य जमलं की ती उठून स्वतःपुरता अर्धा कप चहा टाकायची. लिहिलेलं कसंही असो, त्या दुपारी अजून आठवल्या की मला वाटतं, उठावं आणि तिच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसावं. तिला काही सांगू नये. नुसता चहा घ्यावा.

तरी बायांना मी सांगतेच. लिहायची जागा ठरवा, वेळ ठरवा, आणि घरच्यांना बजावा की या वेळात कुकरच्या शिट्ट्या तुम्ही मोजायच्या. लिहिलेलं मोठ्याने वाचा. जिथे आपलीच जीभ अडखळते तिथे वाचणाऱ्याने पुस्तक मिटलेलं असतं. त्या बाईने मोठ्याने वाचलं नाही. यजमान झोपलेले असायचे ना.

मग प्रस्तावना. प्रस्तावनेशिवाय पुस्तक म्हणजे वऱ्हाडाशिवाय लग्न, असा तिचा समज. तिने ओळखी काढून एका मोठ्या गृहस्थांकडे हस्तलिखित पाठवलं. पुष्कळ दिवसांनी प्रस्तावना आली. तीत तिच्या कवितांची मनापासून तारीफ केली होती. पुस्तकात कविता एकही नव्हती. आणि ऐका, तिने ती प्रस्तावना तशीच छापली, कारण मोठ्या माणसाला परत कसं पाठवायचं?

मलपृष्ठावर, म्हणजे पुस्तकाच्या मागच्या बाजूला, तिने लग्नातल्या शालूतला आपला फोटो घातला, तोही पानभर. त्यामुळे आत काय आहे हे सांगायला जागाच उरली नाही. आता मी सांगते, फोटो तिकिटाएवढा पुरे. मागच्या बाजूला चार साध्या ओळी लिहा, पुस्तक कशाबद्दल आहे आणि कोणी वाचावं. छापणाऱ्याने विचारलं, प्रती किती? जास्त छापल्या तर एक प्रत स्वस्त पडते, असं तो म्हणाला. स्वस्त हा शब्द ऐकून ती बाई ज्या उत्साहाने सेलमध्ये चादरी उचलते त्याच उत्साहाने हो म्हणाली. टेम्पोतून खोकी आली. दिवाणाखाली भरली, धान्याच्या कोठीशेजारी रचली, तरी उरली. यजमान म्हणाले, आता पाहुणे आले तर त्यांना खोक्यांवरच बसवू, निदान पुस्तकाला हात तरी लागेल. म्हणून मी म्हणते, आधी थोड्याच छापा. संपल्या की पुन्हा छापता येतात, आता ती सोय झाली आहे. नाही संपल्या तर झोपायला जागा राहते.

जाहिरात तिने फोनवरून केली. मुखपृष्ठाचा फोटो जितक्या ग्रुपमध्ये होती तितक्या सगळ्यांत टाकला. कॉलनीत नळ कधी येणार हे कळावं म्हणून एक ग्रुप होता, त्यातही. तिथे लगेच कोणीतरी विचारलं, हे झालं, पण पाणी किती वाजता? निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर मात्र अंगठ्यांचा आणि जोडलेल्या हातांचा पूर आला. माझ्या त्या बसमधल्या मैत्रिणीनेही लिहिलं, 'आपले हार्दिक अभिनंदन.' ती बाई खूष झाली. पुढे ते तीन शब्द तिला किती टोचणार आहेत हे तिला तेव्हा कळलं नाही.

आणि मग संक्रांत आली. बायका वाण काय लुटतात? वाट्या, गाळण्या, साबणदाण्या. त्या बाईला वाटलं, यंदा ज्ञान लुटू. एकेका प्रतीवर 'सस्नेह' लिहून सही केली, चकचकीत गुलाबी कागदात बांधली, आणि हळदीकुंकू, अत्तर, तिळाची वडी झाली की ती पुडी हातात. एकीने वजन करून पाहिलं आणि विचारलं, ताट आहे का हो? पुस्तक आहे म्हटल्यावर ती म्हणाली, अय्या, छान. तो 'छान' वरून खाली कसा घसरत गेला हे आज माझ्या कानात स्पष्ट वाजतं. त्या दिवशी दिवाणाखालची दोन खोकी रिकामी झाली आणि त्या बाईला वाटलं, आपली दोन खोकी वाचली गेली.

वर्ष गेलं. कोणी पुस्तकाबद्दल बोललं नाही. दुसरी संक्रांत आली, मी मागच्या गल्लीतल्या एकीकडे हळदीकुंकवाला गेले. तिने वडी दिली, मग आत जाऊन मुद्दाम वेगळी काढून ठेवलेली पुडी आणली आणि कौतुकाने म्हणाली, "बाई, तुम्हाला वाचायची आवड आहे ना, म्हणून तुम्हाला वाटी नाही दिली. तुमच्यासाठी पुस्तक काढून ठेवलं."

कागद गुलाबी होता. माझीच गाठ होती. घरी येऊन सोडलं तर आत 'सस्नेह' आणि माझी सही. यजमान हसत सुटले, चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, मग पुन्हा हसले, आणि म्हणाले, वाचून पाहा, बरं असेल तर मलाही दे. मी रागावले नाही. रागावणार कोणत्या तोंडाने? लोकांच्या साबणदाण्या मीही पुढे सरकवल्याच होत्या. वाण ही फिरणारी वस्तू आहे. ते घेणारीने फोडलंच पाहिजे असा नियम कुठे आहे?

पण मन लागेना. ती परत आलेली प्रत घेऊन मी शेजारच्या काकूंकडे गेले. काकूंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. वाचनालयातलं दर आठवड्याचं पुस्तक त्यांच्या पिशवीत असायचंच, आणि संध्याकाळी त्या फाटकाशी खुर्ची टाकून वाचत बसायच्या. मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या सगळ्या बाया त्यांच्या फाटकासमोरूनच माझ्या घरी आल्या होत्या. काकूंना बोलावणं नव्हतं. विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, आणि त्या बाईला त्यात काही चुकतंय असं वाटलंही नव्हतं. मी म्हटलं, काकू, वाचाल का? त्यांनी पुस्तक घेतलं आणि चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "मला वाटलं, हे कुंकू लावणारीनंच वाचायचं असते."

मी मान खाली घातली. तेव्हा मला उमगलं की त्या बाईने पुस्तक वाटायला अशी रांग निवडली होती, जिच्यात वाचणाऱ्या बायांनाच मज्जाव होता. काकू नव्हत्या. कॉलेजात जाणाऱ्या मुली नव्हत्या. पुरुष तर नव्हतेच. आणि ती नव्हती, जिच्यावर अर्धं पुस्तक लिहिलं होतं. माझी मैत्रीण बौद्ध. तिच्या घरी हळदीकुंकू नाही, आमच्याकडे ती त्या दिवशी यायची नाही. इतक्या वर्षांत मी ते सवयीने विसरूनच गेले होते.

काकूंनी पुस्तक चार दिवसांत परत आणलं, जागोजागी पेन्सिलीने खुणा करून. छपाईच्या चुका किती निघाल्या ते विचारू नका. प्रस्तावना फाडून टाक म्हणाल्या, दुसऱ्या प्रकरणात डोळा लागला म्हणाल्या. म्हणून सांगते, छापायच्या आधी एक तरी अशी शेजारीण गाठा जिला तुमची भीड नाही. नातेवाईक चालत नाहीत, ते जेवायला येणार असतात. जाता जाता काकूंनी विचारलं, ती तुझी बसमधली मैत्रीण कुठे असते आता? वाचून काय म्हटलं तिनं? मी म्हटलं, तिला दिलंच नाही. काकूंनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि त्या निघाल्या.

मी फोन काढून ते 'आपले हार्दिक अभिनंदन' पुन्हा वाचलं. जी बाई भर बसमध्ये मागच्या दारातून मला 'कावं, सरक नं तिकडे' म्हणायची, तिने मला 'आपले' लिहिलं होतं. खरं सांगायचं तर सगळा दोष संक्रांतीवर ढकलण्यात अर्थ नव्हता. पोस्ट होतं, कुरिअर होतं. मला तिच्या जिभेची धास्ती होती. तिला न विचारता मी तिला पुस्तकात घातलं होतं, आणि कसं घातलं होतं ते मला ठाऊक होतं. मी मनाशी ठरवलं, जाऊन प्रत तिच्या हातात द्यायची. ती जर म्हणाली की हे लिहायलाच नको होतं, तर उरलेली खोकी रद्दीत आणि लेखणी बंद. मैत्रीण गेली तर पुस्तकं घेऊन काय करायचं?

निवृत्तीनंतर ती मुलाकडे जळगाव जामोदला राहायला गेली होती. आषाढ गेल्यावर मी फोन केला. ती म्हणाली, ये, पण संध्याकाळी मी विहारात असते, वर्षावासाचं वाचन चालू आहे. एवढंच. मी बसमध्ये बसले. राजूरचा घाट उतरला, मोताळा गेलं, नांदुऱ्याला बस बदलली. दोन्ही बाजूंनी कपाशी आणि सोयाबीन. खिडकीजवळच्या सीटवर मी पिशवी ठेवली आणि कोणी विचारलं की म्हणायची, कोणीतरी येणार आहे. देऊळघाटच्या बसमध्ये आम्ही खिडकीतून रुमाल टाकून एकमेकींसाठी जागा धरायचो. तिचा रुमाल पांढरा असायचा, कडेला निळी वेल. एकदा तो रुमाल दुसऱ्याच बाईने उचलून नाक पुसलं, आणि पुढचे चार दिवस आम्ही दोघी तो प्रसंग आठवून वर्गातही हसलो. जळगाव जवळ आलं तसा सातपुडा दिसायला लागला.

ती स्टँडवर आली होती. केस पांढरे, पाठ तशीच ताठ. तिने पिशवी घेतली, घरी नेलं, चहा दिला, सुनेशी ओळख करून दिली. पुस्तक मागितलं नाही. मीही काढलं नाही. आम्ही दोघी पावसाबद्दल आणि गुडघ्यांबद्दल बोललो, नव्या ओळखीच्या बायांसारखं.

संध्याकाळी तिच्यासोबत विहारात गेले. पावसाळ्याचे हे तीन महिने तिथे रोज वंदना झाली की ग्रंथवाचन होतं. एकजण वाचते, बाकीच्या ऐकतात. त्या दिवशी ती वाचत होती. आवाज वर्गातलाच. बाया शेतातून, कामावरून आलेल्या, मांडीवर नातवंडं घेऊन बसलेल्या, पण ऐकणं असं की मला हेवा वाटला. मध्येच एखादी थांबवायची, हे पुन्हा सांगा म्हणायची. जन्मभर मी मुलांना 'लक्ष द्या' सांगत आले. तिथे कोणाला सांगावं लागत नव्हतं.

वाचन संपलं, ग्रंथ जागेवर ठेवला, बाया बाहेर ओट्यावर येऊन बसल्या. तेव्हा ती सगळ्यांना म्हणाली, ही माझी मैत्रीण, हिनं पुस्तक लिहिलं आहे, त्यात मी हाये म्हणतात. मले तं देलं नाही, तुमाले तरी वाचून दाखवते का पाहू. मी पुस्तक काढलं. तिच्यावरचं प्रकरण उघडलं आणि वाचायला लागले, आपलं लिहिलेलं आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने. 'ती म्हणजे सोशिकतेची मूर्तीच होती. तिच्या ओठांवर कधी कठोर शब्द आला नाही. शाळेच्या पहिल्याच दिवशी आम्ही एका डब्यात जेवलो...'

एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग दुसरी. म्हातारीने विचारलं, "हे कोनाचं वाचून राह्यली वं माय? आमच्या बाईनं तं परवा त्या डीजेवाल्याले वायरा गुंडाळाले लावल्या."

ओटाभर हसू पसरलं. मैत्रीण हसली नाही. ती बायांना म्हणाली, आता खरं काय झालं ते मी सांगते. आणि तिने सांगितलं. शाळेत आम्ही एकत्र आलो त्या पहिल्या वर्षी ती रोज डबा पुढे करायची आणि मी रोज म्हणायची, आज माझा उपास. सोमवार, मंगळवार, चतुर्थी, एकादशी. ती वार मोजत होती. एक दिवस भर शिक्षकांच्या खोलीत तिने विचारलं, "बाई, तुमचे एवढे देव, त्यातला एकही तुमाले माह्या डब्यातलं खाऊ देत नाही का?"

बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. मी म्हटलं, खरं आहे. मी तेव्हा शाळेमागे जाऊन रडले होते, आणि राग तिचा येत होता. आपण काय करत होतो हे कळायला आख्खी रात्र गेली. दुसऱ्या दिवशी मीच तिचा डबा ओढला. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा. ठेच्याने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने पाण्याचा तांब्या उचलून आपल्या मागे ठेवला. वर्षभराचा उपास आज सोडा, म्हणाली. आमची मैत्री तिथून सुरू झाली. ते सगळं मी ओट्यावर सांगितलं, साध्या बोलीत, हातवारे करून, तिच्याकडे पाहत. पुस्तकातलं वाचत होते तेव्हा बाया डास मारत होत्या. हे सांगताना एकीचाही हात हलला नाही.

मग त्या म्हातारीने विचारलं, हे पुस्तकात काऊन नाही? एकदोघींनी पुस्तक मागितलं, पण मी एकच प्रत नेली होती. तेव्हापासून बायांना सांगते, जिथे माणसं ऐकायला बसतात तिथे जा. सगळं वाचू नका, एक प्रसंग वाचा, बाकीचं त्यांना विचारू द्या. पिशवीत प्रती न्या. आणि फुकट वाटू नका, मागणाऱ्याच्या हातात द्या.

ती प्रत मैत्रिणीने घेतली. घरी आल्यावर आम्ही जेवलो, तिने सुनेला पीठ मळण्याबद्दल बोलून घेतलं, आणि पुस्तक घेऊन ती आपल्या खोलीत गेली. मी ओसरीवर पडून राहिले. तिच्या खोलीतून पान उलटल्याचा आवाज येतो का ते ऐकत होते. एकदा ती हसल्यासारखं वाटलं, एकदा खाकरल्यासारखं.

सकाळी ती मला स्टँडवर सोडायला आली. बस लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. पुस्तक तिच्या मांडीवर होतं, मध्ये बोट घातलेलं. तिने रुमालाने बाकाची धूळ झटकली, समोरच्या कँटीनवाल्याला दोन चहा सांगितले, चहा आला. शेवटी माझाच धीर सुटला. म्हटलं, सांगून टाक, बंद करू का लिहिणं? तिने चहा संपवला, कप बाकाखाली ठेवला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली:

"लिव्ह नं, बंद काऊन करतं? पन ह्या पुस्तकातल्या बाईच्या पाया पडावं वाटते मले, तिच्यासंगं गोष्टी करत बसावं असं नाही वाटत. पुढच्या पुस्तकात मले भांडू दे, अन् मी जितली तेही लिव्ह."